तीन टाके मागे

१२ जानेवारी, रविवार

मुलीने, शेरॉनने, नाताळला पाठवलेली वही आज उघडली. वसईहून कुणीतरी येणार होतं, त्यांच्या हाती तिने वही, सुकेळी आणि गुडघ्यांचं तेल धाडलं होतं. सुकेळी आठवड्यात संपली. तेल रोज लावते, गुडघे आपले तसेच. वही तेवढी कोरी राहिली होती.

माझा नवरा चार्ल्स गेल्यापासून आखातातल्या अल नस्रच्या या फ्लॅटमध्ये संध्याकाळी मराठी बोलायला कुणी नाही. शेरॉन फोन करते, पण तिला घाई असते. तेव्हा निदान लिहावं. कॉन्व्हेंटमध्ये मराठी बोललं की तळहातावर पट्टी बसायची. पण सिस्टर हळूच मारायच्या. त्या दिवसांचं मला काही वाईट वाटत नाही.

इथल्या जुन्या वस्तूंच्या संग्रहात मला यंदा अठरा वर्षं होतील. टायपिस्ट म्हणून आले, आता कुठल्या खोक्यात काय आहे याची सगळी नोंद माझ्याकडे. करार मार्चअखेर संपतो. आमचे प्रमुख कमालसाहेब परवा म्हणाले, "लिझी, तुम्ही माझी आठवण आहात. तुम्ही गेलात तर मी कुणाला विचारू? आणखी एक वर्ष. पत्र वरून येईल, इन्शाल्ला."

मला ते वर्ष हवं आहे. शेरॉनने माझी खोली तयार ठेवली आहे, खिडकीला नवा पडदाही लावला आहे. फोटो पाठवला होता. छान आहे. पण तिथे मी त्या पडद्याशी बसून राहणार. इथे अजून कुणीतरी मला काहीतरी विचारतं.

१४ जानेवारी, मंगळवार

कॅनडाहून पत्र आलं आहे. आपल्याकडचा, तिथल्या क्री आदिवासी लोकांचा एक ताईत परत मागितला आहे. कमालसाहेबांनी लगेच हो म्हटलं. संग्रहाच्या मूळ मालकांनी तो घेतला तेव्हाचे कागद धड नाहीत, आणि हल्ली अशा वस्तू ठेवून घेणं बरं दिसत नाही म्हणतात.

मी खोकं काढून मधुराच्या टेबलावर ठेवलं. मधुरा आमची नवी संवर्धक, वस्तूंची डागडुजी आणि तपासणी करणारी. सांगलीची पोर, एकोणतीस वर्षांची, दोन वर्षांच्या करारावर आली आहे. तिने झाकण काढलं आणि लहान मुलासारखी "अय्या" म्हणाली. तळहातात मावेल एवढी हरणाच्या कातड्याची पिशवी. शिवण दोऱ्याची नाही, जनावराचा स्नायू वाळवून त्याचे तंतू काढतात, त्यांची. अंगावर साळिंदराच्या रंगवलेल्या काट्यांची नक्षी, खाली अस्वलाचं एक नख आणि मुंगसासारख्या कुठल्याशा प्राण्याची पांढरी शेपटी, टोकाला काळी. आमच्या नोंदवहीत एवढंच: ताईत, प्राणिज साहित्य, आत रिकामा.

मला ही वस्तू कधी फार आवडली नाही. इतर खोकी मी वर्षातून एकदा उघडून बघते. हे राहून जातं.

पत्र लिहिणारी डोरीन. ताईत तिच्या आत्याचा, एलायझाचा. आत्या आता एक्याण्णव वर्षांची आहे. तिच्या आजीने तो करून तिच्या गळ्यात बांधला होता. सात वर्षांची असताना तिला सरकारने दूरच्या निवासी शाळेत नेलं आणि पहिल्याच दिवशी तिथल्या नन्सनी तो काढून घेतला.

मधुरा वाचून फार चिडली. "लहान पोरीच्या गळ्यातलं ओढून घ्यायचं म्हणजे काय, आंटी?" मी म्हटलं, सगळ्या नन्स तशा नसतात गं. मीही नन्सच्या हाताखाली शिकले. आमच्या सिस्टर क्लेमेन्शिया म्हणजे देवमाणूस! पहिल्या दिवशी माझ्याही गळ्यात काळा दोरा होता. माझ्या आधीचे दोन भाऊ वाचले नव्हते, म्हणून आयने आमच्या गावच्या सुईणीकडून, बायडाबाईकडून, छोटी कापडी पुडी शिवून घेऊन माझ्या गळ्यात घातली होती. सिस्टरने भरतकामाच्या कात्रीने तो दोरा कापला, कसा, तर मानेला गार लागू नये म्हणून कात्री आधी स्वतःच्या हातावर चोळून! आणि निळ्या रिबिनीत मारियामातेचं पदक घातलं. ते पदक अजून माझ्याकडे आहे.

शिवायला शिकवलं तेही त्यांनीच. गाठ मारायची नाही, गाठ आळशी बायका मारतात. शेवटी तीन टाके मागे घ्यायचे, एकावर एक. बापाच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. मग धागा कापायचा. जन्मात उसवत नाही. मी अजून बटणसुद्धा तसंच लावते.

मधुरा ऐकत होती. हसून म्हणाली, "तुम्ही लय गोड आहात आंटी." मग पुन्हा पिशवीकडे वळली.

२२ जानेवारी, बुधवार

आज दुपारी मधुराने हाक मारली. "आंटी, या ना इकडे, गंमत दाखवते."

मायक्रोस्कोपचं चित्र पडद्यावर मोठं केलेलं. पिशवीची डावी कड.

"बाकी सगळी शिवण स्नायूची आहे. ही एक बाजू कॉटन! कुणीतरी उसवून पुन्हा शिवलीय. आणि शेवट बघा. गाठच नाही. तीन टाके मागे. एकावर एक, मशीनसारखे. काय हात आहे! तुम्ही त्या दिवशी सांगितलंत ना, तस्संच. म्हणजे शंभर टक्के नन्सचं काम. पिशवी काढून घेतली, उघडली, आत होतं ते फेकलं आणि वर इतकं नीट शिवून ठेवलं. काय थंड डोक्याची बाई असेल!"

मी म्हटलं, असेल.

ती म्हणाली, "रिपोर्टमध्ये लिहितेच मी. तुमच्यामुळे सापडलं हे. थँक्यू आंटी."

माझं डोकं दुखायला लागलं. चारलाच घरी आले. चहा केला, प्यायचा राहिला.

२३ जानेवारी, गुरुवार

गेले नाही. अंग मोडून आलं आहे असं कळवलं.

२६ जानेवारी, रविवार

लिहून टाकते. वही माझीच आहे.

२००७चा ऑगस्ट. मी लागून पाच महिने झाले होते. तेव्हाच्या मॅडम सुट्टीवर इंग्लंडला, निम्मं ऑफिस सुट्टीवर. कोठारातला एसी दोन दिवस बंद पडला आणि कसरीचे पतंग झाले. मला वस्तूंना हात लावायची परवानगी नव्हती. मी फक्त लेबलं टाइप करायची. पण लेबल लावायला खोकं उघडलं तर पिशवीच्या कडेला अळ्या. मी घाबरले. कुणाला विचारायचं तर कुणी नाही. पर्समध्ये माझी सुईदोऱ्याची डबी होती, तिच्यातली छोटी कात्रीही.

मी कड उसवली. आतलं वर्तमानपत्रावर पालथं केलं. अळ्या, भुस्सा, केस, काय काय. खरं सांगायचं तर मला ते घाणेरडं वाटलं. शिसारी आली. वर्तमानपत्राची पुडी केली, पॅन्ट्रीतल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि वरून चहाचा चोथा ओतला, कुणाला दिसू नये म्हणून. पिशवी मऊ ब्रशने झाडली आणि शिवली. छान शिवली. पुढच्या महिन्यात यादी करताना मीच टाइप केलं: आत रिकामा.

चहाचा चोथा का ओतला असेन? घाण होती तर लपवायचं काय होतं?

पण मी वाचवलीच ना पिशवी? अळ्यांनी महिनाभरात तिची चाळण केली असती. मधुरा म्हणते कातडं उत्तम राहिलं आहे. आणि एलायझाबाईंना त्यांची पिशवी मिळतेच आहे. नुकसान कुणाचंच नाही. ज्या नन्सना नावं ठेवली त्या कधीच गेल्या.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

कुमसाराला, पापाची कबुली द्यायला, गेले. चर्चबाहेर नेहमीसारखी फिलिपिनो, केरळी, गोव्याच्या लोकांची रांग. पाऊण तास उभी होते, गुडघे बोलायला लागले. फादर तरुण होते, दमलेले. इंग्रजीत सांगितलं.

"काही चोरलंत?"

"नाही फादर. टाकून दिलं."

"काय टाकलंत?"

"मला कचरा वाटला ते."

"कीड लागलेली वस्तू टाकली तर त्यात पाप नाही, मम्मी."

"पण वर खोटं लिहिलं. रिकामं होतं म्हणून."

"कुणाला त्याचा त्रास झाला?"

"माहीत नाही, फादर."

"तीन नमो मरिया म्हणा. शांतीने जा."

बाकावर बसून तीन नमो मरिया म्हटल्या. फार हलकं वाटलं. बस येईपर्यंत ते टिकलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

डोरीनचा मेल. रिपोर्ट मिळाला, आभार. आत्याचा एकच प्रश्न आहे. आत काय होतं ते कुणी पाहिलं का? आजीने तिला सांगितलं होतं, मोठी झालीस की सांगेन. शाळेतून सुटून आत्या घरी गेली तेव्हा आजी नव्हती. आत्याची तब्येत आता बरी नसते. पिशवी तिच्या हातात पडेपर्यंत ती असेल की नाही सांगता येत नाही, पण हे एक तिला ऐकायचं आहे.

कमालसाहेबांनी उत्तर सांगितलं, मी टाइप केलं. "आमच्या नोंदींनुसार वस्तू संग्रहात आली तेव्हा रिकामी होती. संवर्धकांच्या मते ती शाळेतच उघडली गेली असावी. आम्हांला अतीव खेद आहे." खाली नेहमीप्रमाणे "नोंद तपासली" आणि त्यासमोर माझी सही. लिझी तुस्कानो.

एकही चूक झाली नाही टाइप करताना.

साहेब म्हणाले, "आणि लिझी, तुमचं मुदतवाढीचं पत्र वर गेलंय. आता फक्त माझी शिफारस जोडायची. मब्रूक, अभिनंदन!"

१८ फेब्रुवारी, मंगळवार

उत्तर आलं. दोनच ओळी. "आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बरं, मग मी आता विचारणं सोडते."

जेवण गेलं नाही.

संध्याकाळी कपडे घडी करता करता एक गोष्ट आठवली. ती मी कधी कुणाला सांगितलेली नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही नाही. ज्या दिवशी सिस्टरने माझा दोरा कापला, त्या संध्याकाळी आयने माझा गळा पाहिला. मला ओरडली नाही. पायांत चपला घातल्या आणि माझा हात धरून परत शाळेत घेऊन गेली. फाटक बंद झालं होतं. फाटकाच्या बाजूला कचऱ्याचं पिंप होतं. आयने पदर खोचला आणि त्यात हात घातला. मी बाजूला उभी. माझ्या वर्गातली एक मुलगी व्हरांड्यातून बघत होती, बोर्डिंगमधली. मला इतकी लाज वाटली की मी आयचा पदर ओढत राहिले, चल ना, चल ना. ती बराच वेळ शोधत होती. काही मिळालं नाही. परत येताना ती एवढंच म्हणाली, "त्यात काय होतं ते बायडाबाईलाच ठाऊक." बायडाबाई त्याच वर्षी वारली.

आयने काय घातलं असेल त्यात? भावांचं काही होतं का? कुणाला विचारणार आता.

गार लागू नये म्हणून कात्री हातावर चोळली होती सिस्टरने. हे मी पन्नास वर्षं सांगत आले आहे.

२ मार्च, रविवार

रमझान कालपासून लागला. ऑफिस दोनपर्यंत. सगळे उपाशी आणि मवाळ. आज मधुराला सांगितलं.

तिला आधी कळलंच नाही. मग पडद्यावर ते चित्र अजून होतं, त्याच्याकडे बघितलं आणि मग माझ्या हातांकडे.

"तुम्ही त्या दिवशी इथे उभ्या होतात. मी थँक्यू म्हटलं तुम्हांला!"

"हो."

"रिपोर्टवर माझी सही आहे, आंटी. कॅनडाला गेलाय तो. मी त्या बायांच्या नावावर खपवलं."

"मी कमालसाहेबांना सांगते की तुझी चूक नाही."

"माझी चूक आहेच!" ती ओरडली. मग आवाज खाली आणला. "आजच्या कॉटनला निळ्या दिव्याखाली चमक असते, ऐंशी वर्षांपूर्वीच्याला नसते. एका मिनिटाचं काम. केलं नाही मी. कारण नन्सची गोष्ट मला पटली होती. आवडली होती."

मग तिने वही ओढली आणि विचारलं, "काय काय होतं आत?"

मी म्हटलं, अठरा वर्षं झाली गं.

"काय काय होतं, आंटी? ते बघितलेलं माणूस जगात तुम्ही एकच आहात."

५ मार्च, बुधवार

राखेचा बुधवार, आमचे उपास सुरू. सकाळी सहाच्या मिस्साला जाऊन कपाळाला राख लावून घेतली. बसमध्ये बसताना ओढणीने पुसली.

मग कमालसाहेब. तेही उपाशी, मीही उपाशी. दोघांच्या मध्ये टेबलावर माझं पत्र, वरून सही होऊन आलेलं, फक्त त्यांची शिफारस जोडायची बाकी.

सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला. "अठरा वर्षं कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही मला हे का सांगितलंत?"

"तुम्हीच म्हणता ना साहेब, मी तुमची आठवण आहे."

"आठवणीनं कधी कधी गप्प बसायचं असतं, लिझी."

"गप्प बसूनच होते."

ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. बाहेर धुळीचा वारा सुटला होता, समोरच्या इमारतीसुद्धा दिसत नव्हत्या. म्हणाले, डोरीनला आजच खरं कळवू, संग्रहाच्या नावाने, माफीसह. तुमचं नाव घालायलाच हवं असं नाही.

मी म्हटलं, घाला.

"मग हे दुसरं पत्र..." त्यांनी टेबलावरच्या कागदाला बोट लावलं. "हे मला पुढे पाठवता येणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय."

"खलास," ते म्हणाले. पण इतक्या हळू, की रागावले आहेत असं मला म्हणवत नाही.

घरी येऊन झोपले ती पाचला उठले. शेरॉनला फोन केला. "मी एप्रिलमध्ये येतेय." ती एवढी आनंदली की कारण विचारायचंच विसरली. मीही सांगितलं नाही. पडदा कुठल्या रंगाचा ते विचारलं. फोटोत कळत नव्हतं. पिस्ता, म्हणाली.

८ मार्च, शनिवार

आठवण्याचा प्रयत्न करते. दिवसभर तेच. डोळे मिटून बोटांना विचारते, कारण डोळ्यांना काही आठवत नाही. डोळे तेव्हा अळ्यांकडेच होते.

केस होते. माणसाचे नव्हेत. आखूड, दाट, तपकिरी, पाण्यातल्या प्राण्याचे असतात तसे. वाळलेली पानं, चुरा झालेली. एक गुळगुळीत हाड, तांदळाच्या तीन दाण्यांएवढं. आणि एक लाल.

लाल काय?

९ मार्च, रविवार

कापड. लाल कापडाचा तुकडा, कशाने तरी बांधलेला. मी तो उघडला नाही. टाकला.

११ मार्च, मंगळवार

संध्याकाळी पाचला व्हिडिओवर बोलणं झालं. तिथे सकाळचे आठ. मी, मधुरा, कमालसाहेब. पलीकडे डोरीन, साठीची, जाड चष्मा. तिच्या शेजारी खुर्चीत शालीत गुंडाळलेली एक छोटीशी म्हातारी. केस पांढरेशुभ्र, दोन वेण्या.

मी लिहून नेलं होतं, पण कागद टेबलावर पालथा ठेवला आणि तोंडानेच सांगितलं. काय केलं, का केलं, कुठे टाकलं. चहाच्या चोथ्याचंही सांगितलं. कमालसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ते तरी वगळायचं, असं त्यांच्या डोळ्यांत होतं. मग आत काय होतं ते. केस, पानं, हाड, लाल कापड.

डोरीन एकेक वाक्य त्यांच्या भाषेत सांगत होती. म्हातारी माझ्याकडेच बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. लाल कापडाशी आल्यावर तिने हात वर करून डोरीनला थांबवलं आणि काही विचारलं.

"आत्या विचारते, कापड केवढं होतं?"

मी कॅमेऱ्यासमोर अंगठ्याचं पेर धरलं. एवढं. बांधलेलं होतं, म्हणजे उघडलं असतं तर थोडं मोठं.

"कसलं लाल?"

मी इकडे तिकडे पाहिलं. शोधून शोधून मधुराच्या टेबलावरच्या फाइलच्या दोरीकडे बोट केलं. "असं. पण विटलेलं. आणि लोकरीचं असावं. बोटाला खरखरीत लागलं."

म्हातारी हसायला लागली. तोंडावर हात धरून. खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी. डोरीनने तिला जवळ घेतलं, दोघी बराच वेळ बोलत राहिल्या. आम्ही तिघं इकडे शाळेतल्या मुलांसारखी ताठ बसून. शेवटी डोरीन वळली.

"आत्याच्या आजीकडे एक लाल शाल होती. एकच. तिचा एक कोपरा कापलेला होता. आत्या लहानपणी रोज त्या कापलेल्या कडेवर बोट फिरवत झोपायची. कोपरा कुणी कापला विचारलं की आजी म्हणायची, उंदरानं. आत्या म्हणते, उंदीर कोण होता ते आज कळलं."

मग म्हातारीने मलाच उद्देशून काही म्हटलं. डोरीनने सांगितलं, "ती विचारते, तुला कुणी शिवायला शिकवलं?"

मी म्हटलं, "नन्सनी."

डोरीनला हे भाषांतर करावं लागलं नाही. म्हातारीने मान हलवली. पुष्कळ वेळ हलवत राहिली.

शेवटी निरोप सांगितला. पिशवी पाठवा. पण तो धागा नको. जिने घातला तिनेच काढावा. आणि बंद करू नका, उघडीच पाठवा.

माफीचं कुणी काही बोललं नाही. मीही मागितली होती की नाही, आठवत नाही.

१६ मार्च, रविवार

पाठवणीचे कागद. अस्वलाचं नख आहे म्हणून वन्यप्राण्यांचा वेगळा परवाना. कार्गोवाल्या इम्रानने फोन करून विचारलं, "मॅडम, प्राणी जिवंत की मृत?" म्हटलं, अस्वल मरून नव्वद वर्षं झाली असतील. "अच्छा, मग सोपं आहे," म्हणाला.

दिवसभरात तेवढंच हसले.

१९ मार्च, बुधवार

आज धागा काढला.

मधुराने टेबलावर पांढरा कागद अंथरला, दिवा जवळ ओढला, मला हातमोजे दिले. आधी निळ्या दिव्याखाली दाखवलं. खोलीतले दिवे घालवले आणि पिशवीच्या कडेवर माझी शिवण चमकायला लागली, दातांसारखी. बाकी सगळा अंधार.

दिवे लावून मी कात्री घेतली. सुरुवात शेवटच्या तीन टाक्यांपासून. सिस्टर म्हणायच्या तसंच झालं, उसवेनात. पाच मिनिटं गेली. मधुरा म्हणाली, "मी करू का?" मी म्हटलं, नको.

पहिला सुटल्यावर बाकीचे दोन सुटले. मग पूर्ण कड. भिंगातून आत पाहिलं. काही नव्हतं. एखादा केस, एखादा पानाचा कण राहिला असेल अशी आशा दोघींनाही होती, पण काही नव्हतं. झाडताना मी फार नीट झाडलं होतं.

पिशवीतून वास आला. धुराचा. कातडं धुरावर धरून कमावलेलं असतं, मधुरा म्हणाली. अठरा वर्षांपूर्वीही आला असेल. तेव्हा मी श्वास धरून ठेवला होता.

धागा कागदावर पडला होता, वीतभर, टाक्यांच्या वळ्या तशाच राहिलेल्या. मी सवयीने तो चिमटीत उचलला आणि कचऱ्याच्या डब्याकडे निघाले.

"आंटी!"

मी थांबले.

"वस्तूतून निघालेलं काही टाकायचं नसतं," मधुरा म्हणाली. रागाने नाही, आपलं शिकवावं तसं. तिने छोटी पारदर्शक पिशवी उघडून माझ्यापुढे धरली. मी धागा आत सोडला. तिने लेबल लिहिलं, मला वाचून दाखवलं. "कॉटन धागा. शिवला ऑगस्ट २००७, काढला १९ मार्च २०२५. दोन्ही वेळा लिझी तुस्कानो." मग विचारलं, "बरोबर?"

मी म्हटलं, बरोबर.

२७ मार्च, गुरुवार

शेवटचा दिवस. ईदची सुट्टी लागते आहे, त्यामुळे निम्मी टेबलं रिकामी. निरोपसमारंभ नको म्हटलं होतं. तरी कमालसाहेबांनी बाहेरून खजुराचा मोठा डबा आणून माझ्या टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "आता कुठलं खोकं कुठं आहे ते मी कुणाला विचारू?" मी म्हटलं, मधुराला सगळं लिहून दिलंय. ते म्हणाले, "तसं नाही," आणि निघून गेले.

पिशवी सोमवारी विमानाने गेली. डोरीनचा फोटो आला आज. म्हातारीच्या मांडीवर पिशवी, उघडी, आणि तिचं बोट त्या उसवलेल्या कडेवर. खाली एकच ओळ. झोपताना अशी धरते.

जाण्याआधी मी कोठारात गेले. पत्र्याच्या कपाटात ते खोकं आपल्या जागी आहे, क्रमांकही तोच. क्रमांक बदलत नाहीत, वस्तू गेली तरी. झाकण उघडून पाहिलं. मऊ कापडाच्या गादीत पिशवीच्या आकाराचा खळगा, आणि त्यात मधोमध ती छोटी पारदर्शक पिशवी. वीतभर धागा. शेवटी तीन वळ्या.

झाकण लावलं. रोज लिहायची तशी संग्रहाच्या नोंदवहीत नोंद केली: तपासले, आतली वस्तू आहे.